प्रभाताईंचा पहारा



राजकारणी माणसाचे चरित्र या पानांवर कशाला, असे काही वाचक माउली म्हणतील. त्यांचे म्हणणे मला अर्धेच मान्य आहे. संतांनी दरबाराकडे पाठ फिरवली हे खरे. तुकोबारायांनी शिवरायांचा नजराणा परत पाठवला ही कथा मी चाळीस वर्षे कीर्तनात सांगत आलो. पण त्याच कीर्तनांत मी दामाजीपंतांचेही आख्यान लावले आहे, आणि दामाजीपंत कोण होते? मंगळवेढ्याचे अंमलदार, बिदरच्या बादशहाचे चाकर. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे उघडली म्हणून आपण आजवर त्यांचे नाव घेतो. म्हणजे सत्तेच्या माणसाकडे आपल्या परंपरेने पाहिलेच नाही असे नाही. कोठाराची किल्ली ज्याच्या कमरेला होती त्याने तिचे काय केले, हे आपण विचारत आलो आहोत.

आमच्या देवळी भागातल्या माणसांना हा प्रश्न ज्यांच्याबद्दल विचारावासा वाटतो, त्यात पहिले नाव प्रभाताई राव यांचे. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली. आजच्या तरुण वारकऱ्यांना त्यांचे नाव फार तर राजस्थानच्या राज्यपाल म्हणून ठाऊक असते. इतिहासाच्या पुस्तकांत तर त्यांच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते, आणि तीही दुसऱ्याच्या चरित्रातली. ती ओळ अशी, की १९८५ साली प्रभा राव यांच्या नेमणुकीवरून वसंतदादा पाटलांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. पन्नास वर्षांच्या आसपास सार्वजनिक आयुष्य जगलेल्या बाईची नोंद दुसऱ्याच्या राजीनाम्याचे कारण म्हणून व्हावी, हे मला बरे वाटत नाही. म्हणून हा लेख.

प्रभाताईंचा जन्म ४ मार्च १९३५ चा, खांडव्याचा. खांडवा आज मध्य प्रदेशात आहे म्हणून कोणी त्यांना परप्रांतीय म्हणेल, तर त्याने जुना नकाशा पाहावा. त्या काळी खांडवा आणि वर्धा एकाच मध्यप्रांत-वऱ्हाडात होते आणि दोघांचीही राजधानी नागपूर होती. निमाडातली लेक वर्ध्याकडे आली तर ती परमुलखात आली असे तेव्हा कुणाला वाटले नसते. शिवाय आम्ही वर्धा नदीकाठची माणसे. रुक्मिणीमातेचे माहेर कौंडण्यपूर याच नदीच्या तीरावर. आपल्या आयुष्याचा निर्णय आपण घेऊन, स्वतः पत्र लिहून देवाला बोलावून घेणाऱ्या लेकीची कथा आमच्याकडे आयाबायांना पाठ असते. करत्या बाईचे आम्हाला नवल वाटू नये. प्रत्यक्षात मात्र वाटतेच.

ताई शिकलेल्या होत्या, राज्यशास्त्राच्या एम.ए. १९७२ साली त्या विधानसभेत गेल्या. पुलगाव हा त्यांचा मतदारसंघ. देवळी त्यातच येई. १९७२ हे साल आपल्या पिढीला सांगावे लागत नाही. पाऊस गेला, विहिरी आटल्या, पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा रस्त्याच्या कडेने बसल्या. रोजगार हमीची योजना त्याच काळात उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. आमच्या कापसाच्या मुलखात त्याच साली दुसरी मोठी गोष्ट घडली, ती म्हणजे कापसाची एकाधिकार खरेदी. शेतकऱ्याने कापूस व्यापाऱ्याला न देता सरकारी केंद्रावर घालायचा, भाव सरकारने ठरवायचा. पुलगावला कापडाची गिरणी, भोवती जिनिंग, हंगामात गाड्यांच्या रांगा. त्या रांगेत रात्री काढणाऱ्यांचे प्रतिनिधित्व करायचे, हे या बाईंच्या वाट्याला पहिल्याच खेपेला आले. पुढे त्या मंत्रिमंडळातही गेल्या. कोणते खाते कधी होते याची जंत्री मी इथे देत नाही. वाचणाऱ्याला ती कंटाळवाणी होईल आणि मलाही.

त्यांच्या आयुष्यातला पहिला कसोटीचा काळ १९७७ नंतर आला. इंदिराबाई हरल्या होत्या. त्या वर्षी जुलैत त्या पवनारला विनोबांना भेटायला आल्या. देवळीहून वर्धा ओलांडले की पवनार थोड्याच अंतरावर. पुढे १९७८ च्या आरंभी काँग्रेस फुटली. पश्चिम महाराष्ट्रातले बहुतेक मोठे पुढारी एका बाजूला गेले. विदर्भ मोठ्या प्रमाणात इंदिराबाईंच्या बाजूने राहिला. भंडाऱ्याचे नासिकराव तिरपुडे या बाजूचे पुढारी होते. आधी दोन्ही काँग्रेसनी मिळून वसंतदादांचे सरकार केले, तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. चार महिन्यांत ते सरकार शरद पवारांनी पाडले आणि १८ जुलै १९७८ रोजी ते स्वतः मुख्यमंत्री झाले. सत्ता तिकडे गेली. अशा वेळी पुष्कळांची पावले आपोआप तिकडेच वळतात. प्रभाताईंची वळली नाहीत. फेब्रुवारी १९७९ मध्ये त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या. महाराष्ट्राच्या विधानसभेत या खुर्चीवर त्यांच्या आधी कोणी बाई बसली नव्हती. जुलैत त्यांच्यानंतर ती जबाबदारी प्रतिभाताई पाटलांकडे गेली, ज्या पुढे राष्ट्रपती झाल्या. म्हणजे एका वर्षात एकापाठोपाठ दोन बायांनी सरकारला जाब विचारला. ही गोष्ट लोक विसरले. १९८५ चा राजीनामा मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिला.

आता त्या राजीनाम्याकडे येतो. इथे मला दिंडीतली एक गोष्ट आडवी घ्यावी लागते. वारकऱ्याला ती वेगळी समजवावी लागणार नाही.

सप्ताहात वीणा अखंड उभी असते. ती जमिनीला टेकत नाही. पहारा संपला की पुढचा पहारेकरी येतो, वीणेला नमस्कार करतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. घेणारा वयाने लहान असो, जातीने कोणी असो, कालपर्यंत त्याच्याशी बांधावरून भांडण असो, त्या क्षणी त्याच्या पाया पडावेच लागते. वीणा कुणाची, असे विचारले तर उत्तर ठरलेले आहे: पहाऱ्याची. पण हेही ठरलेले असते, की पुढचा पहारा कुणाचा हे गावाने बसून, यादी करून आधी सांगितलेले असते. मध्येच परगावचा कोणी येऊन वीणा काढून तिसऱ्याच्याच गळ्यात घालू लागला, तर भजन तिथेच थांबेल.

१९८५ साली नेमके हेच झाले. त्या वर्षी मार्चमध्ये विधानसभेच्या निवडणुका झाल्या. इंदिराबाईंच्या हत्येनंतरची ती निवडणूक. काँग्रेसला २८८ पैकी १६१ जागा मिळाल्या आणि वसंतदादा पुन्हा मुख्यमंत्री झाले. दादा कोण होते हे विसरता कामा नये. सांगलीजवळच्या पद्माळ्याचा हा शेतकऱ्याचा पोरगा, १९४३ साली सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडताना गोळी खाल्लेला. पुढे सहकारी कारखानदारी उभी करताना आयुष्य गेले. शाळा फार शिकले नव्हते, पण माणसे ओळखत. १९७८ मध्ये त्यांच्या पाठीत वार झाला होता आणि ती जखम भरली नव्हती. अशा माणसाला न विचारता राजीव गांधींनी प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्षपदी प्रभाताईंची नेमणूक केली. दादांनी १ जून १९८५ रोजी राजीनामा दिला. दोन दिवसांनी शिवाजीराव पाटील निलंगेकर मुख्यमंत्री झाले.

दादांचा राग बाईवर होता का? पुष्कळ जण तसे सांगतात. मला ते पटत नाही. कराडच्या प्रेमलाकाकी चव्हाणांनी याच पक्षाची राज्यातली धुरा आधी वाहिली होती, तेव्हा बाईमाणूस अध्यक्ष होणे हे पक्षाला नवे नव्हते. दादांचा राग दिल्लीवर होता. १९८० च्या जूनपासून १९८६ च्या मार्चपर्यंत पावणेसहा वर्षांत या राज्याने पाच मुख्यमंत्री पाहिले: अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव चव्हाण. कोण केव्हा येणार आणि केव्हा जाणार हे मुंबईत ठरत नव्हते. पहाऱ्याची यादी गावाने करायची सोडून दिली होती. दादांनी त्याला नकार दिला, तो स्वाभिमानाचा होता. मी दादांच्या बाजूचा आहे, या एका बाबतीत.

पण मग प्रभाताईंच्या बाजूने विचार करून पाहा. वीणा गळ्यात पडली आणि त्याच क्षणी आधीचा पहारेकरी पाया पडण्याऐवजी मंडप सोडून गेला. सगळे गाव तिच्याकडे बघते आहे. नेमणूक तिने मागितली की दिल्लीने दिली, याचा विचार करायला कोणाला वेळ नाही. पुरुष असता तर लोकांनी त्याला दादांचा प्रतिस्पर्धी म्हटले असते, त्याच्या ताकदीचे अंदाज बांधले असते. बाई होती, म्हणून ती केवळ निमित्त ठरली. तेरा वर्षे आमदार, मंत्रिपद, पडत्या काळात पक्ष न सोडणे, विरोधी पक्षनेतेपद, हे सगळे एका दिवसात पुसले गेले आणि उरली ती एक ओळ. मला वाटते, बाईच्या वाट्याला अन्याय येतो तो बहुधा असाच येतो. तिला कोणी वाईट म्हणत नाही. तिचे स्वतःचे काही होते, हेच कोणाच्या ध्यानात येत नाही.

आपल्याकडेही हे आहे. दिंडीत बायांच्या डोक्यावर तुळस आणि वीणा पुरुषाच्या गळ्यात, हे चित्र इतके सवयीचे झाले आहे की त्यात काही चुकते असे माझ्या तरुणपणी कोणाला वाटत नसे. मुक्ताबाईंनी चांगदेवांना उपदेश केला, जनाबाईंचे अभंग आपण नित्य म्हणतो, बहिणाबाईंना गुरू मानणारे आहेत. पण सप्ताहाच्या यादीत बाईचा पहारा लिहायचा म्हटले की मंडळी एकमेकांकडे पाहतात. आमच्या भागात काही गावांत आता दुपारचा पहारा बाया घेतात. घेतात म्हणजे काय, पुरुष शेतावर असतात म्हणून तो त्यांच्याकडे आला. तसा का होईना, आला.

याच वर्धा जिल्ह्यात विनोबांनी १९५९ साली पवनारला ब्रह्मविद्या मंदिर काढले. तिथे साधना बायांनी करायची, कामही बायांनी करायचे आणि निर्णय सर्वसंमतीने तिथल्या बहिणींनीच घ्यायचे. आजही ते चालू आहे. एकीकडे हे, आणि दुसरीकडे १९८६ च्या नोव्हेंबरात ९ आणि १० तारखेला नाशिक जिल्ह्यात चांदवडला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने भरवलेला शेतकरी महिलांचा प्रचंड मेळावा. आमच्या वर्धेकडच्या बायाही त्या संघटनेत होत्या. त्यांचे म्हणणे कापसाच्या भावाचे होते, आणि ते सरकारविरुद्ध होते. प्रभाताई तेव्हा सरकारी पक्षाच्या राज्याच्या अध्यक्ष. एकाच मुलखातून बाईचा आवाज दोन वाटांनी वर येत होता: एक वाट दिल्लीहून उतरलेली, दुसरी बांधावरून चढलेली. या दोन वाटा कुठे एकत्र आल्या असत्या तर कापूसवाल्या शेतकऱ्याचे काही वेगळे झाले असते, असे मला आजही वाटते. त्या आल्या नाहीत. ताई पक्षाच्या होत्या, आणि पक्षाच्याच राहिल्या. याचे श्रेयही त्यांना द्यावे लागते आणि दोषही.

१९९० ते १९९५ या काळात त्या विधानसभेत नव्हत्या. १९९५ ला पुन्हा निवडून आल्या, तेव्हा राज्यात युतीचे सरकार होते आणि त्या परत विरोधी बाकावर. १९९९ मध्ये त्या वर्ध्याच्या खासदार झाल्या. वर्ध्याचा हा मतदारसंघ चमत्कारिक. वसंत साठ्यांना लागोपाठ तीनदा निवडून दिले आणि मग १९९१ पासून २००४ पर्यंतच्या पाच निवडणुकांत पाच वेगळी माणसे पाठवली: कम्युनिस्ट रामचंद्र घंगारे, भाजपचे विजय मुडे, मग दत्ता मेघे, मग प्रभाताई, मग भाजपचे सुरेश वाघमारे. शेतकरी हवालदिल झाला की दरवेळी कूस बदलतो. २००४ ला ताई पडल्या आणि त्याच वर्षी त्यांना पुन्हा प्रदेशाध्यक्ष करण्यात आले. एकोणीस वर्षांनी तीच वीणा. या वेळी कोणी मंडप सोडून गेले नाही.

पण बाहेर मंडपच पेटला होता. ती वर्षे आमच्यासाठी फार वाईट गेली. वऱ्हाड-वर्ध्याकडच्या गावांत कापूस उत्पादकाने विष घेतल्याची बातमी दर दोन-चार दिवसांआड येई. मी तेव्हा कीर्तने कमी केली होती, तरी तेराव्याच्या प्रवचनाला बोलावणे आले की नाही म्हणवत नसे. पस्तिशीच्या माणसाच्या तेराव्याला काय सांगायचे? देह नाशिवंत आहे, हे त्याच्या बायकोला मी सांगायचे? दोन ठिकाणी मी प्रवचन न करता नुसते भजन करून उठलो. तिसऱ्या घरी मयताच्या आईने मला विचारले, महाराज, बँकेचे कर्जही नाशिवंत असते का? या प्रश्नाचे उत्तर ज्ञानेश्वरीत शोधायचे नसते एवढे मला कळले, आणि तो प्रश्न माझ्यासाठी नव्हता हेही कळले. तो किल्ली ज्यांच्या कमरेला होती त्यांच्यासाठी होता.

२००६ च्या जून-जुलैत पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले. आमच्या वर्धा तालुक्यातल्या वायफड गावी ते गेले होते. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम, यवतमाळ आणि वर्धा अशा सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. दिल्लीत त्यांचाच पक्ष, मुंबईत त्यांच्याच पक्षाचे मुख्यमंत्री विलासराव देशमुख, आणि राज्याच्या पक्षाध्यक्ष आमच्या प्रभाताई. दामाजीपंतांच्या आख्यानात कोठार उघडते आणि आख्यान पुढे जाते. इथे कोठार उघडले, हे नाकारता येत नाही. पण त्यातला पुष्कळ पैसा सिंचनासाठी आणि व्याजमाफीसाठी होता; व्याज बँकेच्या वहीत माफ झाले आणि मुद्दल घराच्या आढ्याला लटकत राहिले. सावकाराचे देणे तर कुठल्याच वहीत नव्हते. चौतीस वर्षांपूर्वी ज्या कापसाच्या गाड्यांच्या रांगेतून ताई निवडून गेल्या, त्या रांगेतल्या माणसाच्या मुलाची ही अवस्था झाली होती. याचा हिशेब एकट्या ताईंकडे मागणे न्यायाचे नाही. भाव एका आमदाराच्या, एका अध्यक्षाच्या हातात नसतो, जागतिक बाजार, बियाणे, धोरण, सगळेच त्यात आहे. पण कोणाकडेच मागायचा नाही, हेही मला मान्य नाही. निष्ठेने पक्षात टिकून राहणाऱ्या माणसाला कधीतरी पक्षाच्या वरच्या बैठकीत हात आपटून बोलावे लागते. ताईंनी ते बंद दाराआड केले असेल. दाराबाहेरच्या आम्हाला ते ऐकू आले नाही.

१९ जुलै २००८ रोजी त्या हिमाचल प्रदेशाच्या राज्यपाल झाल्या. इकडे मतदारसंघांची फेररचना होऊन जुने पुलगाव नाव गेले आणि २००९ च्या निवडणुकीपासून मतदारसंघ देवळी या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यांचे भाचे रणजित कांबळे त्यातून निवडून आले. आधी पुलगावचे आमदारही तेच होते. म्हणजे कागदावर पाहिले तर प्रभाताई देवळीच्या आमदार कधीच नव्हत्या. आमच्या बाजारात कोणी हा कागद मानत नाही.

डिसेंबर २००९ मध्ये राजस्थानचे राज्यपाल एस. के. सिंह यांचे निधन झाले आणि तिथला जादा कारभार ताईंकडे आला. २५ जानेवारी २०१० पासून त्या राजस्थानच्याच राज्यपाल झाल्या. २६ एप्रिलला दिल्लीत असताना त्यांचे अकस्मात निधन झाले. पंचाहत्तर पूर्ण होऊन दोन महिनेही झाले नव्हते. त्या वर्षी वैशाख अधिक होता. शुद्ध पक्ष चालू होता. आमच्याकडे गावोगाव अधिक महिन्याच्या पोथ्या लागलेल्या.

जयपूरच्या राजभवनाशी महाराष्ट्राचा असा काही ऋणानुबंध आहे, की १९८५ च्या त्या राजीनाम्यानंतर सहा महिन्यांच्या आत वसंतदादांनाही राज्यपाल म्हणून तिथेच पाठवण्यात आले होते. जवळजवळ दोन वर्षे ते तिथे होते. प्रभाताईंच्या पाठोपाठ विरोधी पक्षनेत्या झालेल्या प्रतिभाताईही २००४ ते २००७ पर्यंत तिथे होत्या आणि तिथूनच राष्ट्रपती भवनात गेल्या. मग प्रभाताई. मुंबईत ज्यांची एकमेकांत गाठ पडली, भांडण झाले, ज्यांनी एकमेकांच्या जागा घेतल्या, त्या तिघांची नावे तिथल्या राज्यपालांच्या यादीत थोड्या थोड्या ओळींच्या अंतराने आहेत. त्यात प्रभाताईंचा पहारा सर्वांत छोटा: जादा कारभाराचे दिवस वगळले तर तीन महिने आणि एक दिवस.